पंचरंगी चिनी आणि तिच्यातला निळा

लोणच्याची बरणी, चहाची किटली, ईदच्या सकाळी शिरखुर्मा वाढायच्या वाट्या. आपल्या घरात यांपैकी काही ना काही चिनी मातीचे असतेच. एका देशाचे नाव आपण असे रोज घेतो. पण ती माती चीनमध्ये नेमकी कुठली आणि तिच्यावर रंग चढवले कोणी, हे सहसा मनात येत नाही. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या गावात मिळतात त्याचे नाव जिंगदेझेन. ज्यांगशी प्रांतात, छांग नदीच्या काठी, हिरव्या डोंगरांच्या मध्ये ते वसले आहे. इ.स. 1004 मध्ये सोंग घराण्याच्या सम्राटाने आपल्या राजवटीचे 'जिंगदे' हे बिरुद या गावाला दिले. तेव्हापासून आजवर गावाचा धंदा एकच: भांडी घडवायची, भाजायची आणि जगभर पाठवायची.

आम्ही तेथे गेलो ते प्रामुख्याने एका प्रकारच्या भांड्यांसाठी. चिनी भाषेत त्यांना 'वूत्साय' म्हणतात. 'वू' म्हणजे पाच आणि 'त्साय' म्हणजे रंग. तांबडा, पिवळा, हिरवा, जांभळा आणि निळा. पाच हा आकडा काटेकोर धरायचा नाही. कुठे चारच रंग असतात, कुठे काळ्या रेघा धरून सहा होतात. मिंग घराण्याच्या काळात, विशेषतः ज्याजिंग (1522 ते 1566) आणि वानली (1573 ते 1620) या दोन सम्राटांच्या कारकिर्दीत ही पंचरंगी भांडी बहरास आली. या पाच रंगांपैकी एका रंगाचे त्या काळचे चिनी नाव वाचल्यापासून जिंगदेझेन पाहायची ओढ आम्हाला लागली होती. ते नाव पुढे येईलच.

मातीचे गाव

नानचांग शहरातून वेगवान रेल्वेने जिंगदेझेनला पोहोचता येते. गावात शिरताच रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब लक्ष वेधून घेतात. तेही चिनी मातीचे, पांढऱ्यावर निळ्या नक्षीचे! जुन्या गल्ल्यांतल्या भिंती निरखून पाहाव्यात. त्यांत मोडक्या भट्ट्यांच्या विटा बसवलेल्या आहेत. वर्षानुवर्षे आच सोसून त्यांच्यावर काचेसारखी चकाकी आली आहे. भट्टी निकामी झाली की तिच्या विटा घराला लावायच्या, ही येथली जुनी रीत.

गावापासून काही अंतरावर गाओलिंग नावाचा डोंगर आहे. 'गाओ' म्हणजे उंच आणि 'लिंग' म्हणजे डोंगराची धार. जगभरच्या कारखान्यांत जिला 'काओलिन' म्हणतात, त्या पांढऱ्या मातीला हे नाव या डोंगरावरून पडले. मात्र एकट्या काओलिनने भांडे होत नाही. एका विशिष्ट पांढऱ्या दगडाची पूड तिच्यात मिसळावी लागते. माती भांड्याचा आकार धरून ठेवते आणि दगडाची पूड आचेत वितळून सगळे एकजीव करते. सुमारे 1300 अंश सेल्सियसच्या आचेतून बाहेर आलेले भांडे पांढरेशुभ्र, पातळ, आणि बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखे वाजणारे असते.

सतराव्या शतकात सोंग यिंगशिंग या विद्वानाने चीनमधल्या उद्योगधंद्यांवर एक ग्रंथ लिहिला. तो 1637 मध्ये प्रसिद्ध झाला. एक प्याला तयार होईपर्यंत 72 हातांखालून जातो, असा हिशेब त्याने त्यात मांडला आहे. माती कुटणारा वेगळा, मळणारा वेगळा, चाकावर बसणारा वेगळा. चित्राची रेघ ओढणारा तीत रंग भरत नसे आणि रंग भरणारा रेघ ओढत नसे. जुन्या पद्धतीचे काम दाखवणाऱ्या एका कारखान्यात आजही हे पाहायला मिळते. ओळीने बसलेले वृद्ध कारागीर एकमेकांकडे न पाहता आपापले काम उरकतात आणि लांब फळीवरच्या कच्च्या वाट्या एका हातातून दुसऱ्या हातात सरकत राहतात.

दोन आचा

पंचरंगी भांड्याची सगळी गंमत दोन आचांत आहे. पहिली आच तीव्र, 1300 अंशांच्या आसपास. इतक्या आचेत बहुतेक रंग जळून जातात. टिकणाऱ्या मोजक्या रंगांत सर्वांत भरवशाचा तो निळा, कोबाल्ट या धातूच्या दगडापासून केलेला. म्हणून निळे काम आधी, थेट कच्च्या मातीवर करायचे, त्यावर काचेचा पारदर्शक लेप द्यायचा आणि मग भांडे भट्टीत ठेवायचे. भाजून निघाले की निळा रंग काचेच्या खाली कायमचा बंद झालेला असतो.

बाकीचे रंग त्यानंतर येतात. शिसे घालून केलेल्या मऊ काचेची पूड करायची. तिच्यात तांबे असेल तर हिरवा, लोखंड असेल तर पिवळा आणि मँगनीज असेल तर जांभळा रंग उतरतो. तांबडा तर लोखंडाच्या गंजाचाच. हे रंग भाजलेल्या भांड्याच्या गुळगुळीत पाठीवर कुंचल्याने भरायचे आणि भांडे पुन्हा लहान भट्टीत, साधारण 800 अंशांच्या आचेत, ठेवायचे. आपल्याकडे दागिन्यांवर जी मीनाकारी होते तिचाच हा प्रकार, फक्त धातूऐवजी मातीवर केलेला. भांड्यावर रंग भरण्याची ही कला इराणातही होती. काशानच्या कुंभारांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस अनेक रंगांची अशी भांडी केली. आज त्यांना 'मीनाई' म्हणतात. त्याच सुमारास उत्तर चीनमधले कुंभारही वाट्यांवर तांबडी-हिरवी फुले काढत होते.

एका दालनात बसलेल्या मध्यमवयीन चित्रकार बाईंनी आम्हाला ताटलीवर रंग भरून दाखवला. कच्चा हिरवा पाहून आम्ही चकित झालो. तो हिरवा दिसतच नव्हता, नुसता राखाडी चिखल. खरा रंग आच लागल्यावरच दिसतो. कुंचला हातात असताना या बाईंना पुढचा रंग केवळ अनुभवावरून ठाऊक असतो. त्या फार बोलल्या नाहीत. आधी भाजलेली एक ताटली तेवढी त्यांनी शेजारी आणून ठेवली. त्या राखाडीचा तिच्यावर पाचूसारखा हिरवा झाला होता. तोंडून आपोआप 'सुबहानल्लाह' निघाले.

'हुइ-हुइ छिंग'

आता त्या नावाकडे येऊ. मिंग काळात भांड्यांवरच्या उत्तम निळ्याला चिनी लोक 'हुइ-हुइ छिंग' म्हणत. 'छिंग' म्हणजे निळा आणि 'हुइ-हुइ' म्हणजे मुसलमान. मुसलमानांचा निळा! चीनमध्ये आज सुमारे एक कोटी हुइ मुसलमान राहतात. त्यांच्या जमातीचे नाव त्याच शब्दावरून आलेले आहे.

रंगाला हे नाव पडले ते तो ज्या वाटेने आला तिच्यामुळे. इराणात काशानजवळच्या डोंगरात कमसर नावाचे गाव आहे. तेथे कोबाल्टचा दगड सापडे. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम यांनी 1301 मध्ये भांड्यांच्या कलेवर फारसीत लिहिले. त्यात या लाजवर्दी दगडाचा उल्लेख असून कारागीर त्याला 'सुलेमानी' म्हणतात, असेही त्यांनी नोंदवले आहे. चौदाव्या शतकात पश्चिमेकडून आलेल्या कोबाल्टने जिंगदेझेनच्या कुंभारांनी पांढऱ्यावर निळी नक्षी काढायला सुरुवात केली आणि बघता बघता ती भांडी अर्ध्या जगाला हवीशी झाली. पुढे मिंग काळातही पश्चिमेकडच्या वाळवंटी वाटेने आलेल्या निळ्या दगडाला 'हुइ-हुइ छिंग' किंवा थोडक्यात 'हुइ छिंग' म्हणत. ज्याजिंग आणि वानली काळच्या पंचरंगी भांड्यांवर जो जांभळट झाक असलेला गडद निळा दिसतो, तो हाच.

हे कळल्यावर कोणाही मुसलमान वाचकाची मान थोडी ताठ होईल. आमचीही झाली. पण खरी शिकवण पुढे आहे. सोळाव्या शतकातल्या ज्यांगशी प्रांताच्या वृत्तांतात भांड्यांच्या कामाविषयी एक प्रकरण आहे. निळा कसा तयार करावा हे तेथे तपशिलाने सांगितले आहे. दगड हातोडीने फोडायचा. ज्या तुकड्यांत शेंदरी ठिपके दिसतील ते उत्तम, रुपेरी ठिपके असतील ते मध्यम. आता गंमत अशी की नुसता हुइ निळा वापरला तर तो आचेत फुटतो, पसरतो, रेघ जागेवर राहत नाही. म्हणून त्यात चीनमधला स्थानिक निळा दगड मिसळावा लागे. दहा भागांस एक भाग मिसळला तर उत्तम निळा तयार होई. सहास चार हे प्रमाण धरले तर मध्यम. स्थानिक निळा फार झाला की रंग जड पडे, त्यातले तेज जाई.

या नोंदीत त्या काळच्या कारागिरांची सारी अक्कल सामावली आहे. पश्चिमेच्या दगडात तेज होते, पण ठाव नव्हता. इथल्या दगडात ठाव होता, पण तेज नव्हते. अशा भांड्यांविषयी बोलताना आपल्या लोकांचा तोल दोन बाजूंना जातो. कोणी म्हणतो, हे सगळे परक्यांचे, आपला त्याच्याशी काय संबंध? दुसरा म्हणतो, मुळात सगळे आपणच दिले. दहास एक हे प्रमाण दोघांनाही उत्तर देते. माती चीनची, आच चीनची, हात चीनचे, पाचांपैकी चार रंगही चीनचे. पाचवा आपल्या नावाचा खरा; पण त्यालाही रेघेत राहायला इथल्या मातीतल्या दगडाची मदत लागली.

फुटलेली भांडी

गावाच्या मध्यभागी झूशान नावाची टेकडी आहे. मिंग आणि छिंग सम्राटांच्या शाही भट्ट्या येथेच होत्या. आता तेथे संग्रहालय उभे आहे. भट्टीच्या आकाराच्या लांबट, कमानदार विटांच्या इमारती, आणि त्यांत जुन्या भट्ट्यांच्या विटाही वापरलेल्या.

या संग्रहालयातले वैभव तुकड्यांचे आहे. सम्राटासाठी केलेल्या भांड्यात किंचित खोट निघाली, रंग जरा ओघळला, किंवा आकार तसूभर वाकडा झाला, तर ते भांडे फोडून पुरून टाकत. शाही नक्षीचे भांडे सामान्य माणसाच्या हाती पडता कामा नये, असा दंडक होता. खोदकामात असे तुकड्यांचे ढीग सापडले. संशोधकांनी ते जुळवून भांडी उभी केली. जेथे तुकडा मिळाला नाही तेथे साधे पांढरे भरण आहे. काही भांडी तर पहिल्या आचेनंतरच फोडलेली आहेत. त्यांच्यावर फक्त निळे काम दिसते आणि तांबड्या-हिरव्यासाठी सोडलेल्या जागा तशाच रिकाम्या आहेत. दोन आचांची रीत समजावून घ्यायला याहून चांगला धडा नाही.

येथेच छंगह्वा (1465 ते 1487) काळातले नाजूक कामही पाहायला मिळते. त्याला 'दोउत्साय' म्हणतात. त्यात निळ्या रेघेने पूर्ण चित्र आखून घेत आणि वरचे रंग त्या कुंपणात भरत. त्या काळचा कोंबडा-कोंबडी आणि पिल्लांचे चित्र असलेला एक लहानसा प्याला 2014 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे 3 कोटी 60 लाख अमेरिकी डॉलरना गेला. विकत घेणाऱ्याने त्यातून चहा पिऊन पाहिला, त्याची जगभर चर्चा झाली. वूत्सायचा स्वभाव याहून मोकळा. तिथे निळा कुंपण घालत नाही. तो इतर रंगांच्या पंक्तीला बसतो. कधी लाट होतो, कधी पाकळी, कधी पान.

ज्याजिंग काळच्या मोठ्या झाकणाच्या रांजणांवर पाणवनस्पतींतून पोहणारे सोनेरी मासे असतात. त्यांचा नारिंगी सोनेरी रंग साधायला कारागीर पिवळ्यावर तांबड्याचा हात देत. मागे निळे आणि हिरवे शेवाळ, मध्ये तेजस्वी मासे. काचेआड असूनही पाणी हलल्याचा भास होतो.

भट्टीची किंमत

ही शोभा स्वस्तात मिळालेली नाही. वानली सम्राटाच्या दरबाराची मागणी अफाट होती आणि मोठमोठे घंगाळ भाजताना तडकत. गावात तोंग बिन नावाच्या कारागिराची कथा सांगतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दरबारी अधिकाऱ्याने ड्रॅगनच्या नक्षीची प्रचंड घंगाळे मागवली. ती पुन्हा पुन्हा बिघडत होती आणि कारागिरांना मार बसत होता, उपासमार होत होती. शेवटी तोंग बिनने स्वतःला पेटत्या भट्टीत झोकून दिले. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर घंगाळ निर्दोष निघाले, असे सांगतात. पुढे कुंभारांनी त्याला भट्टीचा देव मानले आणि त्याचे देऊळ बांधले.

आपला दीन आत्महत्येला आणि माणसाच्या पूजेला जागा देत नाही, हे वाचकांना सांगायला नको. पण या कथेतला आक्रोश कोणालाही ऐकू येईल. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. ती पाळली गेली असती तर तोंग बिनवर भट्टीत उडी घ्यायची वेळ आली नसती. भांडे कितीही देखणे असो, ते घडवणाऱ्या 72 हातांना काय मिळाले, हे विचारायला आपण विसरू नये.

सलाम आणि शेवया

परदेशात फिरताना आपल्या घरातला पहिला प्रश्न जेवणाचा असतो. चीनमध्ये त्याचे उत्तर दोन अक्षरांत आहे: 'छिंग झन'. शब्दशः अर्थ 'शुद्ध आणि सत्य'. हलाल अन्नाला आणि मुस्लिम धर्माशी निगडित गोष्टींना चिनी भाषेत हेच म्हणतात. वायव्य चीनमधले मुसलमान देशभर शेवयांची छोटी दुकाने चालवतात. जिंगदेझेनमध्येही आम्हाला असे दुकान मिळाले. कणकेचा गोळा हातांनी ओढून ओढून क्षणात त्याच्या शंभर तारा करणारा तरुण, गोमांसाचा गरम रस्सा, वर कोथिंबीर. आम्ही सलाम केला तेव्हा दुकानदाराने आधी चमकून पाहिले, मग छातीवर हात ठेवून उत्तर दिले. उच्चार त्यांच्या वळणाचा, पण शब्द तेच. पुढचे संभाषण सगळे हातवाऱ्यांनी झाले. तरी दुकानदाराने रस्सा दोनदा वाढला.

आत भिंतीवर कलमा लिहिलेली चौकट होती. अक्षरे अरबी, पण वळण वेगळे: जाड कुंचल्याचा फराटा, टोकाशी निमुळता होत गेलेला. चिनी मुसलमानांच्या या सुलेखनशैलीला 'सीनी' म्हणतात. ती पाहताना संग्रहालयातली अक्षरे आठवली. झंगदे (1506 ते 1521) सम्राटाच्या काळात शाही भट्ट्यांत अरबी आणि फारसी अक्षरे लिहिलेली भांडी झाली. दरबारात तेव्हा मुसलमान सेवक आणि अधिकारी होते. त्या भांड्यांमध्ये वाट्या आहेत, डब्या आहेत आणि लिहिण्याच्या मेजावरच्या वस्तूही आहेत. कुंचले टेकवायच्या एका ठोकळ्यावर 'खामादान', म्हणजे लेखण्यांचे घर, असा फारसी शब्द निळ्यात लिहिलेला आहे. आज तो लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे.

न वाचता लिहिलेले

अरबी अक्षरे पंचरंगी ताटांवरही पोहोचली, पण ती जिंगदेझेनची नव्हेत. मिंग दरबाराने 1567 मध्ये खासगी समुद्री व्यापारावरची बंदी सैल केली. तेव्हा दक्षिणेकडे फूज्यान प्रांतात झांगझौ भागातल्या कुंभारांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी जाडीभरडी, स्वस्त, मोठाली ताटे काढायला सुरुवात केली. त्यांच्या बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली असते. वरचे रंग म्हणजे तांबडा, हिरवा, निळसर हिरवा आणि काळ्या रेघा. यातली बरीच ताटे आचेसारख्या मुस्लिम राज्यांकडे, आजच्या इंडोनेशियाच्या बेटांकडे गेली. काहींवर अल्लाहचे नाव, कुरआनातल्या आयती, चार खलिफांची नावे आहेत.

ज्या कुंभारांनी ही अक्षरे काढली त्यांना अरबी येत नव्हती. समोर ठेवलेला नमुना पाहून, चित्र काढावे तशी त्यांनी अक्षरे काढली. म्हणून काही ताटांवर शब्द वाचता येतात आणि काहींवर अक्षरांच्या जागी नुसत्या लाटा उरल्या आहेत. मागवणारा दूर बेटावर, लिहिणारा चीनमध्ये, आणि दोघांच्या मध्ये समुद्र. आपल्याकडेही अनेक घरांत कुरआन अर्थ न कळता, अक्षर ओळखून वाचला जातो. अक्षराचा अदब आहे, अर्थाची ओळख राहून गेली आहे. त्या ताटांसमोर उभे राहिले की हा विचार टाळता येत नाही. नमुना पिढ्यान् पिढ्या नुसता उतरवत गेलो तर एक दिवस अक्षरांच्याही लाटा होतात.

मुसलमान घरांत चिनी का रुजली?

सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाऊ-पिऊ नये, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेली आहे. म्हणूनही मुस्लिम दरबारांत चिनी भांड्यांना मोठा मान मिळाला. डौल आहे, पण सोने नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात दहा हजारांहून अधिक चिनी भांडी आहेत. इराणच्या शाह अब्बासने 1611 मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला अकराशेहून अधिक चिनी भांडी वक्फ केली. त्यांत बहुतेक निळी-पांढरी आणि थोडी रंगीत. वक्फ केल्याची खूण प्रत्येक भांड्यावर लहानशा चौकटीत कोरली होती. भांडे फुटले, विकले, कुठेही गेले तरी ती खूण त्याच्याबरोबर जाते. वक्फची मालमत्ता कशी जपावी याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा नमुना आजही विचार करायला लावतो.

आपल्या दख्खनमध्येही 'चिनी' हा शब्द दिमाखात वावरला. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. भिंतींवरच्या झिलईदार रंगीत फरशांवरून त्याला हे नाव मिळाले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला 1687 नंतर येथेच कैदेत ठेवले होते. त्या फरशांच्या खुणा अजून दिसतात.

ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्याविषयीचे एक वचन आपल्याकडे फार प्रसिद्ध आहे. हदीसतज्ज्ञांनी त्याची सनद कमकुवत ठरवली आहे, म्हणून त्याचा आधार आम्ही घेत नाही. तशी गरजही नाही. काशानचा दगड, चीनची माती आणि अर्दबीलचा वक्फ यांचा हा एकत्र प्रवास पुरेसा पुरावा आहे.

घरच्यांसाठी थोडे

सतराव्या शतकाच्या अखेरीस, कांगशी सम्राटाच्या काळात, चिनी कारागिरांना काचेवर भरता येईल असा निळा साधला. मग पाचही रंग वरूनच भरले जाऊ लागले. पुढे 1720 नंतर सोन्यापासून केलेला गुलाबी आला आणि त्या मऊ गुलाबी भांड्यांनी जुन्या पंचरंगीला मागे टाकले. आज बाजारात जी रंगीत भांडी दिसतात ती बहुधा याच दोन घराण्यांची वारस.

जिंगदेझेनमध्ये भल्या पहाटे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. फजरची नमाज आटोपून आम्ही तेथे गेलो. बॅटरीच्या उजेडात चादरींवर फुटक्या भांड्यांचे तुकडे मांडलेले असतात. पाहायला मौज आहे, पण जुने म्हणून काहीही विकत घेऊ नये. नकला इतक्या सफाईदार असतात की जाणकारही फसतात. घ्यायचेच तर आजच्या कारागिराकडून आजचे म्हणून घ्यावे. आणि एक खबरदारी: वरून भरलेल्या रंगांत शिसे असू शकते. त्यामुळे आतल्या बाजूला रंगकाम असलेल्या जुन्या किंवा खात्री नसलेल्या भांड्यांत लोणचे, चिंचेचे सार, लिंबाचे सरबत असे आंबट पदार्थ ठेवू नयेत, मुलांना त्यातून देऊ नयेत. अशी भांडी शोभेसाठीच ठेवावीत.

चीनला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात चिनी भांड्यांचा चांगला संग्रह आहे. सुट्टीत मुलांना अवश्य न्यावे. ज्या भांड्यावर निळ्याबरोबर तांबडा आणि हिरवाही आहे अशा भांड्यासमोर थांबावे, आणि समोरून न पाहता बाजूने, उजेड तिरपा पडेल असे पाहावे. तांबडा, हिरवा, पिवळा हे रंग काचेवर किंचित उंच उठलेले दिसतील. जुन्या भांड्यावर ते धुण्या-पुसण्याने कुठे कुठे झिजलेलेही असतील. मिंग काळचे काम असेल तर निळा मात्र वर दिसणार नाही. तो काचेखाली, मातीला धरून बसलेला असेल; भांडे फुटले तरी तुकड्या-तुकड्यांत तसाच राहणारा.